सोफ्याचं खालचं टोक

टेक्सासातल्या प्लेनो गावच्या आणि आसपासच्या मराठी मंडळींत लहू गजभियेचा फोन नंबर ज्याला पाठ नाही, तो माणूस नवाच आलेला समजायचा. घर बदलायचं ठरलं की सगळ्यांत आधी लहूकाकांना फोन जायचा. ट्रक नंतर, खोकी त्याच्याही नंतर. "काका, शनिवारी फ्री आहात का?" एवढं विचारलं की पुढचं बोलावंच लागत नसे. लहू शनिवारी मोकळा असायचाच. नसला तर ड्यूटी बदलून घ्यायचा. पण तसं कबूल करायचा नाही. "बघतो, जमवतो," असं जरा भाव खाऊन म्हणायचा आणि फोन ठेवला की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या शनिवारभोवती पेनाने गोल काढायचा.

लहू मूळचा उत्तर नागपुरातला. नव्वद साल उजाडायच्या जरा आधी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट म्हणून आला. दिवसभर लोकांची रक्त-लघवी तपासायची आणि मशीनमधून निघालेले आकडे पुढे धाडायचे. रोग्याचं तोंड बघायचा संबंधच नाही. अर्ध्या गावाच्या रक्तातली साखर त्याला ठाऊक होती, पण त्यातला एखादा दुकानात शेजारी उभा राहिला असता तरी ओळखला नसता. लग्न राहून गेलं होतं. का राहिलं, ते तो सांगायचा नाही. आपल्या लोकांचं म्हणाल तर हा प्रश्न एक-दोनदा विचारून झाला की त्यांचा उत्साह संपतो आणि ते, शाळा कुठली चांगली, याच्या गप्पांकडे वळतात.

त्या काळात आपली माणसं सारखी घरं बदलायची. लीज संपली, भाडं वाढलं, बाळ झालं, प्रोजेक्ट दुसरीकडे लागलं, की चला. ट्रक भाड्याचा आणि माणसं घरची, असा रिवाज होता. शनिवारी सकाळी पाच-सहा इंजिनिअर जमायचे. सगळी ताकद बोटांत असलेली ही माणसं. एक जण गादी डोक्यावर घेऊन दारातच अडकायचा, दुसरा टेबललॅम्प छातीशी धरून "सावकाश, सावकाश" करत इतरांना वाट दाखवायचा, तिसरा खोक्यांना टेप लावायचं काम दुपारपर्यंत पुरवायचा. मग लहू बाह्या दुमडत जिना चढायचा आणि कामाला लागायचा.

सोफा जिन्यावरून उतरवताना सगळं वजन खालचं टोक धरणाऱ्यावर येतं. हे ज्याला कळतं तो गुपचूप वरचं टोक पकडतो. लहूला हे सगळ्यांपेक्षा चांगलं कळत होतं आणि तो न बोलता खाली जाऊन उभा राहायचा. फ्रीज असो, लोखंडी सांगाड्याचा सोफा-कम-बेड असो, खालचं टोक लहूकाकांचं. पाठमोरा, पायाने पायरी चाचपत, एकेक पायरी सांगत तो उतरायचा. वर त्या इंजिनिअरांपैकी विवेक असो की रवी, त्यांना फक्त सोडायचं नाही एवढंच काम.

दुपारी मोकळ्या घरात, खोक्यांच्या गराड्यात, कार्पेटवर बैठक बसायची. भांडी बांधलेली, म्हणून कागदाच्या प्लेटा. कोणीतरी वरणभात आणलेला असायचा, लोणच्याची बाटली हातोहात फिरायची. एरवी पार्टीला नीट कपडे करून, नीट विषयांवर बोलणारी ही माणसं त्या दिवशी घामेजलेली, पाय पसरून बसलेली असायची. त्या गोतावळ्यात लहू असायचा. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारायचं, कोणी म्हणायचं, "काका नसते ना यार, आज आपण फ्रीजखालीच गेलो असतो." खरं सांगायचं तर लहू त्या तासासाठी जगायचा. पुढच्या फोनपर्यंत त्याला तो तास पुरवून खावा लागे.

ही ताकद त्याने जिममध्ये जाऊन कमावलेली नव्हती. हॉस्पिटलात स्टाफसाठी फुकटची जिम होती. एकदा तो जाऊन आला. आरशासमोर माणसं कानात गाणी घालून जागच्या जागी धावत होती. एका मशीनवर बसून त्याने दांडा ओढला. ते वजन रुळावरून सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं. लहूच्या मनात आलं, सोफा कधी असा सरळ चालतो का? तो डुगडुगतो, वळतो, ऐन वळणावर कोपर भिंतीला घासतं. शिवाय तिथे त्याच्याशी कोणी बोललं नाही. आपल्याशी कोणी बोलणार नसेल तर ते घरीच काय वाईट, असं म्हणून त्याने जिमच्या नावाने कानाला खडा लावला.

घरी त्याची नागपूरची विद्या होती. वस्तीतल्या आखाड्यात लहानपणी शिकलेले जोर आणि बैठका. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एक माणूस आडवा मावेल एवढी जागा होती, तिथे पहाटे ड्यूटीला जायच्या आधी तो जोर मारायचा. हातांखाली लाकडाचे दोन ठोकळे. छाती जमिनीला घासत पुढे न्यायची, मान वर, पुन्हा मागे. सुरुवातीला फजित्या झाल्या. लोंबकळायला काही हवं म्हणून त्याने कपड्यांच्या कपाटातल्या दांडीला हात घातला, तर दांडी, शर्ट, हिवाळ्याचा कोट आणि लहू असे सगळे एकदम खाली आले. बैठका काढायला लागला तर खालच्या मजल्यावरची म्हातारी वर येऊन म्हणाली, की माझ्या छताचा दिवा हलतो. इथली घरं लाकडाची, वरच्याने शिंक दिली तरी खालच्याला कळते. तेव्हापासून त्याने आवाज न करता बैठका काढायची सवय लावून घेतली. सावकाश खाली जायचं, तिथेच थांबायचं, टाच न आपटता तितक्याच सावकाश वर यायचं. हे भलतंच अवघड निघालं. मांड्या पेटायच्या. पण त्याने मांड्या अशा तयार झाल्या की जिन्यावर त्याला थांबावं लागत नसे.

असा तो त्या फ्लॅटमध्ये आवाज न करता राहत होता. म्हातारी पुन्हा कधी वर आली नाही. ती आली असती तरी चाललं असतं, असं त्याला कधीकधी वाटायचं.

पुढे लोकांची घरं झाली. ग्रीन कार्ड झाली, शेअर वर गेले, आणि ज्यांनी लहूबरोबर तीन-तीनदा फ्लॅट बदलले होते त्यांनी मागे अंगण असलेली मोठमोठी घरं घेतली. रवी आणि त्याची बायको उपासना यांनी घेतलं, त्या वेळी लहूने त्यांचा फ्रीज, कपाटं, पलंग, सगळं उतरवून दिलं. त्यांचा जुना सोफा-कम-बेड नव्या दिवाणखान्यात शोभणारा नव्हता. उपासना म्हणाली, "काका, तुम्हीच घ्या ना, तुमच्याकडे बसायला काही नाही." तोही त्याच दिवशी लहूच्या दुसऱ्या मजल्यावर चढला. मग फोन येईनासे झाले.

पहिल्यांदा वाटलं, हिवाळा आहे, हिवाळ्यात कोण घर बदलतं. मग उन्हाळा आला. कॅलेंडरची पानं एकही गोल न पडता उलटत राहिली. एका सकाळी अंघोळीनंतर आरशात त्याला छातीवरचे पांढरे केस दिसले आणि लख्ख उजेड पडला, की हेच कारण. आपण पन्नाशी ओलांडली. शेवटच्या शिफ्टिंगला जिन्यात आपण धापा टाकल्या, ते पोरांनी पाहिलं. आता त्यांना वाटतं, काका थकले.

आता या माणसाने एक फोन करून विचारावं की नाही? पण लहूने विचारलं नाही. त्याने जोर वाढवले. पहाटे होतेच, संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावरही सुरू केले. एका पायावरच्या बैठका शिकला. भिंतीला पाठ टेकून, नसलेल्या खुर्चीवर बसल्यासारखा, बातम्या संपेपर्यंत बसून राहायचा. तांदूळ कमी केला, तेल कमी केलं. दंड पुन्हा टणक झाले, पोट आत गेलं. पन्नाशीचा माणूस पंचविशीच्या मेहनतीने तयार होत होता, आणि ते बघायला घरात आरसा सोडून कोणी नव्हतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की कोणीतरी पुन्हा म्हणावं, काका, शनिवारी या.

म्हणून चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला त्याने मनाशी बेत केला. जयंतीला दरवर्षी एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घ्यायचे. सगळे यायचे. नव्या निळ्या साड्या, मुलांची भाषणं, फोटोला हार, वंदना, मग जेवण. मसालेभाताचं मोठं पातेलं उपासनाच्या व्हॅनमध्ये होतं, आणि ते कसं उतरवायचं यावर चार जण विचारविनिमय करत होते. लहू पुढे झाला, दोन्ही कडांना फडकी लावली आणि पातेलं एकट्याने उचलून दारातून आत, सगळ्या हॉलच्या मधून, थेट टेबलापर्यंत घेऊन गेला. शीतही सांडलं नाही. श्वाससुद्धा त्याने नाकानेच घेतला. कोणाला धाप ऐकू यायला नको.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पातेलं टेकतं न टेकतं तोच उपासना धावत आली. "काका, असं काय करता, हार्टवर ताण येतो." कोणीतरी खुर्ची आणली. एकाने बीपी विचारलं. दुसऱ्याने आपल्या ऑफिसातल्या, असंच काहीतरी उचलताना गेलेल्या माणसाची हकीकत सांगितली. लहूला खुर्चीत बसवलं आणि हातात पाण्याचा ग्लास दिला. एक चिमुरडी जवळ येऊन म्हणाली, "आर यू ओके, काका?" तो हो म्हणाला.

विवेक शेजारी येऊन बसला. लहू त्याचं सामान एकदा शेजारच्या रिचर्डसन गावाहून आणि एकदा प्लेनोतल्या प्लेनोत घेऊन आला होता. विवेक म्हणाला, "जय भीम काका. नवीन घरी या ना एकदा. फेब्रुवारीतच शिफ्ट झालो."

"शिफ्ट झालात? कोणी कोणी केलं?"

"मूव्हर्स सांगितले. आता सगळे तेच करतात काका. सकाळी तिघं आले, दुपारपर्यंत खेळ खलास. पॅकिंगसुद्धा तेच करतात. कशाला आपल्या लोकांचा वीकेंड खराब करायचा? आणि तुम्हाला तर आम्ही किती त्रास दिला इतकी वर्षं."

"त्रास कसला," लहू म्हणाला.

"नाही, खरंच. आम्हालाच कसंतरी वाटायचं."

विवेकने हे अगदी मनापासून, प्रेमाने म्हटलं, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. गरज सरो वैद्य मरो असा प्रकार असता तर लहूने दोन शिव्या हासडून मन मोकळं केलं असतं. इथे तर कोणी त्याला टाकलं नव्हतं. त्याचे पांढरे केस कोणी पाहिले नव्हते, धापा कोणी ऐकल्या नव्हत्या. त्याच्या ताकदीबद्दल कोणाला शंकाच नव्हती. तिची कोणाला जरूर उरली नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला आणि ठोकळ्यांकडे बघत पलंगावर बसून राहिला. जोर मारायचे ते कशासाठी? त्या सकाळी मारले नाहीत, नंतरच्याही नाहीत. पुढचे काही आठवडे तो उठायचा, चहा प्यायचा, सोफ्यावर बसायचा, वेळ झाली की लॅबमध्ये जायचा. अंग जड झालं, पाठ दुखायला लागली. त्याला फार एकटं वाटायचं. हॉस्पिटलात एकटं वाटण्याची रक्ततपासणी निघाली नव्हती, नाहीतर त्याचा आकडा मशीनने पुन्हा तपासून बघा म्हणून परत पाठवला असता. शेवटी एका पहाटे तो खाली वाकला आणि हात ठोकळ्यांवर टेकले. कोणासाठी नव्हे. पाच ते साडेपाच या वेळेचं दुसरं काय करायचं, हे त्याला सुचलं नाही म्हणून.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या कॉम्प्लेक्सच्या जागी ऑफिसच्या इमारती होणार असल्याची नोटीस आली. सगळ्यांनी ऑगस्टअखेर जागा सोडायची. लहूने दोन मैलांवर तळमजल्याचा फ्लॅट बघितला. खोकी आणली, टेप आणली. सगळ्या कामाची त्याला इतकी सवय, की दोन संध्याकाळींत घर बांधून झालं. टेबल त्याने एकट्याने उतरवलं. गादी पाठीवर घेतली. कपाटाचे भाग सुटे करून नेले. राहिला तो सोफा-कम-बेड. त्याने खालच्या बाजूने उचलून पाहिला, वरच्या बाजूने उचलून पाहिला, उभा केला, आडवा केला. जोर-बैठकांनी माणूस आपलं स्वतःचं वजन कितीही पेलायला शिकतो. पण सोफ्याला दोन टोकं असतात, आणि एक माणूस एका वेळी एकाच टोकाला उभा राहू शकतो.

तो फोनजवळ जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो फोन वाजायची वाट पाहिली होती, त्याच्यावरून कोणाला बोलावलं असं झालं नव्हतं. त्याने रवीचा नंबर फिरवला.

"काका, तुम्ही शिफ्ट करताय? अहो मग आमच्याच मूव्हर्सना सांगा," रवी म्हणाला. "एकदम रिलायबल. थांबा, नंबर देतो. आणि काका, प्लीज, पैशाचं मी बघतो. तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंय."

लहूने पेन घेतलं. रवी आकडे सांगत होता. लहू "हं, हं" करत होता आणि कागद कोराच होता.

"लिहिला काका?"

"नाही," लहू म्हणाला. मग जे त्याला जन्मात जमलं नव्हतं ते तो बोलला. "रवी, मला मूव्हर्स नकोत. तू ये."

पलीकडे उपासना मागून काहीतरी विचारत होती. "शनिवारी तर प्रोजेक्टचा डेमो आहे काका," रवी म्हणाला. "रविवारी सकाळी चालेल?"

"चालेल."

रविवारी रवी आला. पोट सुटलेलं, पायात पांढरेशुभ्र बूट, कमरेला पेजर. टेक्सासचं ऊन सकाळीच तापलं होतं. लहू सवयीने खाली गेला, रवीने वरचं टोक धरलं, आणि एकेक पायरी सांगत लहू पाठमोरा उतरायला लागला. जिना मध्यावर वळतो तिथे सोफा तिरका करायचा होता. "वर घे जरासा," लहू म्हणाला. रवीने वर घेतला आणि तोंडातून विचित्र आवाज काढला. त्याच्या कमरेत उसण भरली होती.

लहूने सगळा भार स्वतःच्या छातीवर घेतला, सोफा वळणावरच्या सपाट जागेवर टेकवला, रवीला धरून आणलं आणि त्याच सोफ्यावर बसवलं. आता सोफा वरही जाईना, खालीही जाईना. इमारतीतले बाकीचे लोक आधीच गेलेले, त्यामुळे वाट अडल्याची कोणाची तक्रार नव्हती. लहूने पाणी आणलं. रवीच्या पाठीला हात लावून त्याने अंगठ्याने कंबर दाबून दिली. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले.

"सॉरी काका. तुमच्या कामाला आलो आणि तुमचंच काम वाढवलं."

"बस तू. कायची घाई आहे?"

पेजर वाजला. रवीने बघितलं, बंद केला आणि परत कमरेला लावला. दुखण्यामुळे त्याला उठता येत नव्हतं, टीव्ही नव्हता, मुलं नव्हती, बोलण्याचे नेहमीचे विषय आटोपले होते. असा बसलेला असतानाच त्याने विचारलं, "काका, नागपूरला तुमचं कोण कोण आहे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी केला नव्हता.

"बहीण होती," तो म्हणाला. "अंजना. माझ्याहून लहान. मायबाप लवकर गेले, मीच वाढवली, शिकवली. शाळेत शिकवायची."

"होती म्हणजे?"

"गेली. तुम्ही नव्या घरात गेलात ना, त्याच आठवड्यात. शुक्रवारी रात्री फोन आला. मी नागपूरला पोचेपर्यंत अंत्यविधीसाठी कोणी थांबणार नव्हतंच."

रवीने मनात हिशेब केला. त्याचा चेहरा उतरला. "आम्ही शनिवारी शिफ्ट झालो होतो काका."

"हो."

"तुम्ही त्या दिवशी सकाळी सातला आलात. आमचा फ्रीज उतरवला. आमच्याबरोबर जेवलात. एका शब्दाने बोलला नाहीत."

लहूने ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "तुमच्याकडे यायचं होतं म्हणून तर ती रात्र निघाली," तो म्हणाला. "सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, काका, आज येऊ नका, घरी आराम करा."

आपण अगदी हेच म्हणालो असतो, हे रवीला ठाऊक होतं.